किल्ली कोणाकडे, गोळी कोणाकडे

पहाटेचे चार वाजले होते. भाड्याने घेतलेल्या एका तीन खोल्यांच्या घरात पन्नाशीच्या एक काकू स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या होत्या. त्या घरात पाच जणी राहतात; पाचही जणी मनोरुग्णालयात कित्येक वर्षं काढून बाहेर पडलेल्या. दाराला कुलूप होतं. काकूंनी हाक मारली, “ताई, चहा टाकायचाय.” ताई म्हणजे घरात मुक्कामाला असलेली मदतनीस. तिचा नुकताच डोळा लागला होता. ती पडल्या पडल्याच म्हणाली, “सहाच्या आधी नाही काकू, सरांनी सांगितलंय.” काकूंनी कडी वाजवली. थोड्या वेळाने पुन्हा वाजवली, जोरात. सकाळी रजिस्टरमध्ये नोंद झाली : ‘रात्रभर झोपली नाही, आक्रमक झाली.’ दुपारी ती ओळ संस्थेच्या ऑफिसात पोचली. संध्याकाळी मला फोन आला, डॉक्टरांची तारीख अलीकडे घ्या, गोळ्या वाढवाव्या लागतील असं दिसतंय.

मी या घरांना भेटी देणारी सोशल वर्कर. दुसऱ्या दिवशी जाऊन काकूंशी बोलले. आजारपणाच्या आधी त्या डबे द्यायच्या. वीस वर्षं रोज पहाटे चारला उठून कणीक मळलेली. रुग्णालयात चारला जाग आली तरी पडून राहावं लागे. घरात राहायला आल्यावर अंगातली जुनी सवय परत जागी झाली होती. मला तर ती बरं होत असल्याची खूण वाटली. ताईला विचारलं, तर ती म्हणाली नियम सरांचा. ऑफिसातल्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले, असा नियम मी केल्याचं आठवत नाही. खोदून विचारल्यावर कळलं की दोन वर्षांपूर्वी एका मुलीकडून रात्री गॅस चालू राहिला होता, तेव्हा हे कुलूप आलं. ती मुलगी केव्हाच आपल्या भावाकडे राहायला गेली. कुलूप राहिलं.

अशी भांडणं कानावर आली की आपण लगेच स्वभावावर येतो. ताई तापट आहे, काकू हट्टी आहेत, सरांना माणसं कळत नाहीत. इतकी वर्षं ही घरं आतून पाहिल्यावर माझं मत वेगळं झालं आहे. माणसं बहुधा बरी असतात, कामाची वाटणी चुकलेली असते. राहायचं छप्पर आणि उपचाराची मदत एकाच हातात गेली की त्या हाताला घाबरूनच राहावं लागतं. घाबरलेलं माणूस लपवतं. मदतनिसाचं काम मग लपवलेलं शोधण्याचं होऊन बसतं आणि ऑफिसला खबर लागते ती पाणी डोक्यावरून गेल्यावर. म्हणून अशा घराशी तुमचा कुठल्याही नात्याने संबंध असेल, तुम्ही तिथे राहत असाल, काम करत असाल, संस्थेचे विश्वस्त असाल किंवा तुमची बहीण तिथे राहत असेल, तर पहिला प्रश्न हा विचारा : इथे किल्ली कोणाकडे आहे आणि गोळी कोणाकडे?

ही घरं आली कुठून

महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे शासनाची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. उपचार संपले, माणूस सावरलं, पण न्यायला कोणी आलं नाही म्हणून वर्षानुवर्षं तिथेच राहिलेली माणसं या चारही ठिकाणी भेटतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने याबद्दल स्पष्ट भूमिका घेतली. त्याचं कलम १९ सांगतं की कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणावरून कोणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. कलम १८ नुसार हाफवे होम, निवारा आणि आधारासह राहण्याची घरं उभी करण्याची जबाबदारी शासनावर येते. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही बऱ्या झालेल्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न शासनापुढे ठेवला.

घरं हवी आहेत त्या मानाने ती फार थोडी आहेत. जी आहेत, ती बहुतेक संस्थांनी चालवलेली. चेन्नईची ‘द बॅनियन’ ही १९९३ मध्ये सुरू झालेली संस्था. तिने २०१५ पासून ‘होम अगेन’ नावाने साध्या वस्तीत भाड्याची घरं घेऊन चार-पाच जणांनी एकत्र राहायचं आणि सोबतीला मदतनीस असायची, अशी रीत पाडली. महाराष्ट्रात रत्नागिरीत ही रीत आली. घर वस्तीत आहे, शेजारी धुणं वाळत घालताना दिसतात, कोपऱ्यावर वाण्याचं दुकान आहे. एवढ्यानेही माणसाच्या चालण्यात फरक पडतो, हे मी पाहिलं आहे.

किल्ली आणि गोळी

किल्ली आणि गोळी वेगळी ठेवायची, ही गोष्ट आपण न्यूयॉर्ककडून शिकण्यासारखी आहे. १९९२ मध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञांनी तिथे ‘पाथवेज टू हाउसिंग’ ही संस्था काढली. त्याआधीची पद्धत अशी होती की रस्त्यावरच्या माणसाने आधी गोळ्या नीट घ्यायच्या, दारू सोडायची, शिस्तीने राहून दाखवायचं, मग घर मिळणार. त्यांनी क्रम उलटा केला. आधी घर. उत्पन्नाच्या तीस टक्के भाडं द्यायचं आणि मदत करणाऱ्या पथकाला नियमित भेटायचं, एवढ्याच अटी. उपचार घ्यायचे की नाहीत, कुठले घ्यायचे, हे घराच्या कराराशी बांधलेलं नाही. रुग्णालयात जावं लागलं तरी त्या माणसाला घर आहेच. पुढे कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर करून पाहिली आणि नेहमीच्या सेवांपेक्षा या पद्धतीत माणसं घरात जास्त टिकली.

आपल्याकडे पैसा कमी, घरं कमी, त्यामुळे ती पद्धत जशीच्या तशी आणता येणार नाही. पण तिच्या मुळाशी असलेली वाटणी तीन माणसांच्या संस्थेलाही करता येते. भाडं, दुरुस्ती, किल्ल्या, नियम हे ऑफिसातल्या एका माणसाकडे द्या. डॉक्टर, गोळ्या, समुपदेशन हे दुसऱ्याकडे. आणि घरात राहणाऱ्या ताईकडे या दोन्हींपैकी काहीही देऊ नका. तिचं काम सोबतीचं. भाजी निवडता निवडता गप्पा मारणं, बँकेत बरोबर जाणं, रात्री घाबरल्यावर शेजारी बसणं. ज्या दिवशी तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा लागतो, त्या दिवशी ती वॉर्डन होते.

माझ्याकडून झालेली चूक इथे सांगते. अशाच एका घरातली एक तरुण मुलगी पोळी-भाजी केंद्रात कामाला लागली होती. सकाळी सातला पोचायचं असे आणि रात्रीच्या गोळीने तिला दहापर्यंत गुंगी असे. तिने ती गोळी अर्धी करून घ्यायला सुरुवात केली होती. हे तिने विश्वासाने मला सांगितलं. मी आठवड्याच्या मीटिंगमध्ये सात जणांसमोर बोलून गेले, काळजीपोटीच. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवस्थापकांनी तिला दारातच सुनावलं, “गोळ्या घ्यायच्या नसतील तर कॉट रिकामी करावी लागेल.” तेव्हापासून ती रोज ताईसमोर गोळी घेऊन तोंड उघडून दाखवू लागली. माझ्याशी तिचं बोलणं दोन शब्दांवर आलं, “बरंय मॅडम.” चार महिने मी दर आठवड्याला तेवढंच ऐकत होते.

मी काय करायला हवं होतं, हे सांगायला आज अवघड नाही. तिला विचारून, तिच्यासमोर, डॉक्टरांना फोन लावायचा. गोळीची वेळ किंवा प्रमाण बदलणं डॉक्टरांच्या हातात होतं, आणि गुंगीचं तिने स्वतः सांगितलं असतं. मीटिंगमध्ये काहीच बोलायची गरज नव्हती. कायद्याचं कलम २३ माहितीच्या गुप्ततेचा हक्क देतं. जीवाला धोका असणं, दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता असणं अशा मोजक्या अपवादांतच ती गुप्तता सुटते, आणि तेव्हाही गरजेपुरती. भेटीला जाणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच भेटीत हे तोंडाने सांगावं : “तुम्ही सांगाल ते माझ्याजवळ राहील. तुमच्या किंवा कोणाच्या जीवावर बेतेल असं वाटलं तर मला सांगावं लागेल, पण ते आधी तुम्हाला सांगून.” आणि शब्द दिला की पाळायचा.

कागदावर काय असावं

संस्थेने घर घेतलं की लिव्ह अँड लायसन्सचा करार होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार तो लेखी आणि नोंदणीकृत लागतो. त्यावर घरमालकाची सही असते, संस्थेची सही असते, पोलीस व्हेरिफिकेशन होतं. जी त्या घरात राहणार तिचं नाव फार तर यादीत, आणि तेही ‘लाभार्थी’ म्हणून. हा शब्द मला खटकतो. लाभार्थीला तक्रार करता येत नाही, त्याने आभार मानायचे असतात.

म्हणून संस्था आणि रहिवासी यांच्यात वेगळा, साध्या मराठीत लिहिलेला, दोन पानांचा करार करा. कोणती खोली, कोणतं कपाट, कपाटाची किल्ली रहिवाशाकडेच. महिन्याला किती वर्गणी आणि ती कशासाठी. खोलीत कोणी, केव्हा, दार वाजवून यायचं. पाहुणे कधी येऊ शकतात. रुग्णालयात जावं लागलं तर जागा किती दिवस राखून ठेवली जाईल आणि सामान कुठे राहील. घर सोडायला सांगायचं झालं तर किती दिवस आधी, कोणत्या कारणाने, आणि त्याविरुद्ध कोणाकडे दाद मागायची. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, एकदा नाही, दोनदा, मध्ये आठवडा जाऊ द्या. एक प्रत तिच्या कपाटात राहू द्या. आणि तुम्ही नातेवाईक असाल तर प्रवेशाच्या दिवशी हा कागद मागा. त्याबरोबरच संस्थेची नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे हेही विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही.

रजिस्टर

ताण कुठून सुरू होतो, हे मला विचाराल तर मी रजिस्टरकडे बोट दाखवेन. निळ्या पुठ्ठ्याची, आडव्या रेघांची वही. रोज रात्री ताई तिच्यात प्रत्येकीबद्दल एक ओळ लिहिते. ‘उलट बोलली.’ ‘ऐकत नाही.’ ‘मूड ठीक नाही.’ ‘आक्रमक.’ या ओळी वाचून ऑफिस निर्णय घेतं, डॉक्टर डोस ठरवतात, देणगीदाराला जाणाऱ्या अहवालात आकडे भरले जातात. ज्या बाईबद्दल हे लिहिलंय, तिला मात्र ती वही दिसत नाही.

काकूंची ती ओळ मी ताईबरोबर बसून पुन्हा लिहिली. ‘पहाटे चार वाजता उठल्या. चहा करायचा म्हणाल्या. स्वयंपाकघराला कुलूप होतं. मी सहापर्यंत थांबायला सांगितलं. त्यांनी दोनदा कडी वाजवली. नंतर खिडकीपाशी बसून राहिल्या. साडेसहाला चहा घेतला, पोळ्या लाटायला मदत केली.’ लिहून झाल्यावर ताई वहीकडे बघत राहिली आणि म्हणाली, “यात चिडण्यासारखं तर काहीच नाही हो.” तिची दहावी झालेली नाही. लिहिण्याची ही पद्धत तिने आठवड्याभरात उचलली. तेव्हा प्रशिक्षणाला मोठा खर्च येतो, ही सबब चालणार नाही.

दोन नेम पाळा. जे दिसलं आणि ऐकलं तेच लिहायचं, त्यावरचं मत लिहायचं नाही. आणि आपल्याबद्दलची नोंद ज्याची त्याला वाचता आली पाहिजे, हवं तर खाली त्याने आपलं म्हणणं लिहायचं. आपल्या वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम २५ देतंच. मग घरातली वही लपवून ठेवण्याचं कारण उरत नाही. आपलं लिहिलेलं वाचलं जाणार हे माहीत असलं की लिहिणाऱ्याचा हातही सांभाळून चालतो.

नियमांनाही तारीख हवी. भिंतीवरच्या प्रत्येक नियमापुढे तो का केला, कोणी केला, केव्हा केला हे लिहा आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघा. कारण गेलं असेल तर नियम खोडा. काही नियम मात्र एक दिवसही ठेवू नयेत. घराला बाहेरून कुलूप लावणं हा त्यातला पहिला. रात्री आग लागली तर काय, एवढा एकच विचार पुरेसा आहे. केस सक्तीने कापणं, स्वतःचे कपडे घालू न देणं याला कलम २० मनाई करतं. घरकामाबद्दलही तिथेच उत्तर आहे : काम सक्तीचं नको, आणि करून घेतलं तर योग्य मोबदला द्यायचा. आपलं ताट आपण घासणं वेगळं, संस्थेच्या कार्यक्रमाची दीडशे ताटं घासायला लावणं वेगळं.

एक वाक्य बंद करा

“नीट वागली नाहीस तर परत पाठवू.” हे वाक्य मी ताईंच्या, व्यवस्थापकांच्या, भावांच्या तोंडून ऐकलंय, बहुतेक वेळा सहज बोललेलं. ज्या बाईने आयुष्याची बारा वर्षं वॉर्डात काढली आहेत तिच्यासाठी ते सहज नसतं. ती त्या रात्री झोपत नाही. मग न झोपल्याची नोंद होते.

रुग्णालय उपचारासाठी आहे, शिक्षेसाठी नाही. आजार खरोखर उलटला, दाखल करावं लागलं, तर जाताना तिच्या हातात तिच्या कपाटाची किल्ली द्या आणि सांगा की कॉट तुमचीच आहे. आठवड्यातून एकदा घरातलं कोणीतरी भेटायला जाऊ द्या. जागा राखून ठेवायला पैसे लागतात हे खरं. विश्वस्तांनी अंदाजपत्रकात त्यासाठी वेगळी रक्कम धरावी आणि देणगीदाराला तसं स्पष्ट सांगावं. रिकामी कॉट दिसली की ती भरण्याची घाई होते, आणि परत येणाऱ्या बाईला दार बंद मिळतं.

मारहाण, चोरी, दुसऱ्या रहिवाशाला त्रास, हे प्रसंगही येतात आणि तेव्हा ठाम राहावंच लागतं. पण मारलं म्हणून घर बदलणं आणि मारलं म्हणून डोस वाढवणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. ते वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या दिवशी घ्यावेत.

पैसे, बिडी आणि हक्कसोडपत्र

पैशाचा व्यवहार ताईच्या हातात नको. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान येतं, कोणी कामाचे पैसे मिळवतं. खातं रहिवाशाच्या नावावर, पासबुक तिच्या कपाटात, मदत लागली तर बँकेपर्यंत सोबत. हिशोबाची वही असेल तर तिच्यासमोर लिहायची आणि सही तिची. पुरुषांच्या घरात बिडीवरून जेवढी भांडणं होतात तेवढी कशावरूनच होत नसतील. बंडल ताई किंवा दादाकडे, दिवसाला तीन मिळणार, काम केलं तर चौथी. मला तंबाखूचा तिटकारा आहे, तरी हे मोजून देणं बंद करा असंच मी सांगते. बिडी सोडायला मदत जरूर करा, पण तिचं बक्षीस आणि दंड करू नका. पन्नास वर्षांच्या माणसाला स्वतःच्या पैशाच्या बिडीसाठी हात पुढे करायला लावणं हा अपमान आहे.

याहून गंभीर गोष्ट वर्षातून एकदा तरी घडते. सहा वर्षांत न फिरकलेला भाऊ अचानक येतो. हातात फरसाणाचा पुडा, पिशवीत कागद. वडिलांच्या नावची जमीन, सातबाऱ्यावर बहिणीचं नाव लागलंय किंवा लागणार आहे, हक्कसोडपत्रावर सही हवी आहे. बहीण त्याला बघून हरखून गेलेली असते. ती कशावरही सही करेल. भाऊ ऑफिसला सांगतो, घरचा मामला आहे. ऑफिसला वाटतं, नातं जुळतंय तर जुळू दे. ताईला साक्षीदार म्हणून सही करायला सांगतात.

अशा वेळी कोणीही सही करायची नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे, आणि त्याच्या कलम १३ नुसार मालमत्ता बाळगण्याचा, वारसाहक्काने मिळवण्याचा आणि स्वतःचे पैसे स्वतः सांभाळण्याचा हक्क या बहिणीला इतर कोणाहीइतकाच आहे. तेच कलम असंही सांगतं की आधार देणाऱ्याचा एखाद्या आर्थिक व्यवहारात हितसंबंध गुंतला असेल तर त्या व्यवहारात त्याने आधार देण्यापासून दूर राहायचं. भावाला चहा द्या, गप्पा होऊ द्या, कागदाची झेरॉक्स ठेवून घ्या आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाशी बहिणीची गाठ घालून द्या. मोफत कायदेशीर मदतीचा हक्क तिला आहे. समजून घेऊन तिने सही करायची ठरवली तर तो तिचा निर्णय. पण फरसाण खाता खाता नको.

ताईचंही कोणीतरी ऐका

आतापर्यंत ताईला बरंच सांगून झालं. तिची बाजू मांडली नाही तर हा लेख अन्यायाचा होईल. ती मुक्कामाला असते, म्हणजे तिचं काम संपतच नाही. रात्री तीनदा उठायचं, सकाळी सहाला डाळ-तांदूळ. रविवार सुटीचा असं कागदावर असतं, पण बदली आली नाही की तो जातो. तिची स्वतःची मुलगी गावाकडे आजीजवळ असते, दहावीला. अनुदानाचा हप्ता अडकला की पहिला उशीर तिच्या पगाराला होतो. एका ताईने मला सांगितलं होतं, “मॅडम, इथे सगळ्यांना विचारतात झोप झाली का. मला कोणी विचारत नाही.” त्या आठवड्यात तिने एका रहिवाशाच्या हातातलं ताट हिसकावून घेतलं होतं. ते चूकच होतं, आणि तशी नोंदही व्हायला हवी होती. पण त्या ताटामागे एकोणीस दिवस सुटी न मिळालेली बाई होती.

विश्वस्तांनो, एवढं कराच. आठवड्याचा एक पूर्ण दिवस सुटी आणि त्या दिवसासाठी ठरलेली बदली. महिन्यात एकदा तिला मोकळेपणाने बोलायला संस्थेबाहेरचं कोणीतरी. पगाराची तारीख, जी हप्त्यावर अवलंबून नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रहिवाशांइतकाच तिच्यासाठीही आहे, हे तिला सांगा.

तुमची भीतीही मला माहीत आहे. गच्चीवरून कोणी पडलं तर दुसऱ्या दिवशी पेपरात नाव तुमचं येणार. म्हणून कुलपं वाढत जातात. घरमालक अकरा महिन्यांनी करार वाढवेल की नाही याची धास्ती असते, सोसायटीचा सेक्रेटरी जिन्यात गाठून ‘हे लोक’ म्हणत तक्रार करतो. या भीतीवर माझ्याजवळ एकच उपाय आहे, तोही अर्धा : प्रत्येक धोका माणसागणिक लिहा, घरागणिक नको. एकीला गॅसची भीती असेल, चौघींना नसेल. चौघींचं स्वयंपाकघर एकीसाठी बंद का? आणि सोसायटीशी बोलताना रहिवाशांचे आजार सांगत बसू नका. त्यांची नावं सांगा, गणपतीच्या वर्गणीची पावती त्यांच्या नावाने फाडा.

रविवारची बैठक

दर पंधरा दिवसांनी रहिवाशांची बैठक घ्या. अध्यक्ष रहिवाशांपैकी एक, आळीपाळीने. ऑफिसचं माणूस बोलावलं तरच यायचं, आणि आलं की खाली बसायचं, खुर्चीवर नाही. ठरलेल्या गोष्टी वहीत लिहायच्या आणि ऑफिसने आठ दिवसांत लेखी उत्तर द्यायचं, ‘नाही’ असलं तरी कारणासकट. उत्तर आलं नाही तर तिसऱ्या बैठकीला कोणी येत नाही. मग ऑफिस म्हणतं, यांना रसच नाही.

चहाचा प्रश्न अशाच बैठकीत सुटला. विजेची किटली आणायची, ती बाहेरच्या खोलीत ठेवायची, कुलूप काढायचं. पुढच्या बैठकीत दुसरीची तक्रार आली की काकू पहाटे कपबशा वाजवतात. काकू म्हणाल्या, वाजवत नाही, वाजतात. तासभर वाद झाला. ताई मध्ये पडली नाही, मी पडले नाही. शेवटी स्टीलचा पेला वापरायचा आणि दार लोटून घ्यायचं ठरलं. हे भांडण कुठल्याही घरात होतं तसंच होतं, आणि त्याची रजिस्टरमध्ये नोंद झाली नाही.

घरात दाद मिळाली नाही तर बाहेर कुठे जायचं, हे प्रत्येक घराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात हवं. सेवेतल्या त्रुटींबद्दल तक्रार करण्याचा हक्क मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम २८ देतं. संस्थेच्या प्रमुखाकडून समाधान झालं नाही तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जाता येतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, दिव्यांग कल्याण आयुक्तांचं पुण्याचं कार्यालय आहे. शेजारी एक फोन ठेवा, ज्यावर बोलताना कोणी उभं राहून ऐकणार नाही.

पोळी-भाजी केंद्रातल्या त्या मुलीने पुढे एका बैठकीत सांगितलं की तिला दुसरी सोशल वर्कर हवी आहे. ऑफिस म्हणालं, अशी पद्धत नाही, आज हिला बदलून दिली तर उद्या सगळ्या मागतील. मला वाईट वाटलं, खूप वाटलं. पण आपल्याला मिळणाऱ्या आधाराची व्यवस्था बदलण्याचा, मोडण्याचाही हक्क दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या त्याच कलम १३ मध्ये आहे, आणि ते मीच ऑफिसला दाखवलं. बदलायच्या दिवशी मी तिची फाइल घेऊन गेले. म्हटलं, यातलं काय नव्या मॅडमना द्यायचं ते तू ठरव. तिने पेन मागितलं, पानं उलटत बराच वेळ वाचलं, आणि दोन ठिकाणी आडवी रेघ मारून फाइल माझ्या हातात दिली.